वॅरम पर्सी: बेचिराख गावाचे चर्च

इंग्लंडमधील यॉर्कशरच्या पूर्व भागात वोल्ड्स नावाच्या टेकड्या आहेत. त्यांचा दगड खडूचा, माथे सपाट आणि मधल्या दऱ्या अरुंद, बहुतेक कोरड्या. यांतल्याच एका दरीत, माल्टन या बाजारपेठेच्या गावापासून सुमारे १० किलोमीटरवर, सेंट मार्टिनचे चर्च आहे. त्याला छप्पर नाही. पश्चिमेचा मनोरा उभा चिरल्यासारखा निम्माच उरला आहे, आणि भोवती गाव नाही. चर्चच्या वरच्या अंगाला पठारावर गवताखाली उंचवटे आणि खळगे दिसतात. वॅरम पर्सी गावातल्या घरांच्या, परसांच्या आणि रस्त्यांच्या या खुणा. इ.स. १५०० च्या सुमारास हे गाव उठले. चर्च मात्र त्यानंतरही साडेचारशे वर्षे चालू राहिले.

मध्ययुगातली ग्रामीण चर्चे इंग्लंडमध्ये हजारोंनी उभी आहेत आणि त्यांतली कित्येक या चर्चपेक्षा देखणी आहेत. पण चालू चर्चची जमीन कोणी खणू देत नाही. शिवाय एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारांत अनेक इमारतींवरच्या जुन्या खुणा पुसल्या गेल्या. वॅरम पर्सीचे चर्च त्या लाटेतून जवळजवळ सुटले, आणि वापरातून गेल्यावर पुरातत्त्वज्ञांना ते पायापर्यंत तपासता आले. त्यामुळे एका खेड्यातले चर्च कसे सुरू झाले, कोणी वाढवले, कधी आणि का लहान केले, हे इथे जितके स्पष्ट समजते तितके फार थोड्या ठिकाणी समजते. बहुतेक चर्चांच्या भिंती वाढीचीच हकीकत सांगतात. इथल्या भिंती आटण्याचीही सांगतात, आणि ते अधिक मोलाचे आहे.

मध्ययुगीन चर्च ही केवळ प्रार्थनेची जागा नव्हती. प्रत्येक चर्चला ठरलेला मुलूख असे. त्या मुलखाला पॅरिश म्हणत. वसईकडचे ख्रिस्ती लोक त्यालाच धर्मग्राम म्हणतात. धर्मग्रामातल्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, मुलांचा बाप्तिस्मा तिथेच करायचा आणि मयताला तिथल्याच दफनभूमीत माती द्यायची, असा दंडक होता. वॅरम पर्सीच्या धर्मग्रामात एकूण पाच वस्त्या होत्या: खुद्द वॅरम पर्सी, थिक्सनडेल, रेस्थॉर्प, बर्डेल आणि टोथॉर्प. थिक्सनडेलच्या माणसांना मयत खांद्यावर घेऊन टेकड्यांवरून काही किलोमीटर चालत यावे लागे. या चर्चच्या पुढच्या इतिहासातली अर्धी कोडी या पाच वस्त्यांमुळेच सुटतात.

दशमांश पैशात क्वचितच भरला जाई. शेतातली दहावी पेंढी, कळपातले दहावे कोकरू, लोकरीचा दहावा भाग असे त्याचे रूप असे. धान्याचा मोठा दशमांश रेक्टरकडे, म्हणजे चर्चच्या मुख्य हक्कदाराकडे जाई. हा हक्क एखाद्या मठाने मिळवला, की मठच रेक्टर बनून मोठा हिस्सा नेई आणि स्थानिक कामासाठी व्हिकार नेमला जाई. व्हिकारच्या वाट्याला बहुधा कोकरे, अंडी, भाजीपाला असा किरकोळ दशमांश आणि थोडी जमीन येई. वॅरम पर्सीच्या चर्चचा हक्क चौदाव्या शतकात हॉल्टेमप्राइस येथील ऑगस्टिनियन मठाकडे गेला.

इमारतीच्या खर्चाची वाटणीही अशीच ठरलेली होती. चर्चचे मुख्य भाग दोन. पश्चिमेचे मोठे दालन म्हणजे नेव्ह, जिथे लोक उभे राहत. पूर्वेचे लहान दालन म्हणजे चॅन्सेल, जिथे वेदी असे आणि पाद्री मिस्सा हा उपासनाविधी करी. सभामंडप आणि गाभारा यांच्यात असते तसेच नाते या दोन दालनांत होते. तेराव्या शतकापासून इंग्लंडभर रीत अशी पडली की चॅन्सेलची डागडुजी रेक्टरने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. म्हणून एकाच चर्चमध्ये नेव्ह भव्य आणि चॅन्सेल ओढगस्तीचे, किंवा नेमके उलट, असे दृश्य अनेक गावांत दिसते. मठाला दूरच्या खेड्यातल्या चॅन्सेलवर पैसा घालण्याची फारशी निकड नसे. गावकऱ्यांना मात्र आपले नेव्ह पडू देऊन चालत नसे.

वॅरम पर्सी येथे वस्ती फार जुनी. लोहयुगातली आणि रोमन काळातली शेतघरे या परिसरात सापडली आहेत, आणि अँग्लो-सॅक्सन काळातही इथे माणसे राहत होती. चर्चच्या जमिनीखाली सापडलेली सर्वांत जुनी खूण म्हणजे लाकडी खांबांचे खड्डे. दहाव्या शतकात इथे एक लहानसे लाकडी चर्च असावे असा त्यांवरून निष्कर्ष निघतो. त्यानंतर त्याच जागी लहान नेव्ह आणि त्याहून लहान चॅन्सेल असे दोन खोल्यांचे दगडी चर्च बांधले गेले. या पहिल्या इमारती गावाच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या नसाव्यात. त्या काळी जमीनदार आपल्या वाड्याजवळ स्वतःच्या खर्चाने चर्च बांधी, पाद्री ठेवी आणि चर्चकडे आपली खासगी मालमत्ता म्हणून पाही. वॅरम पर्सीच्या चर्चजवळ सॅक्सन काळाच्या अखेरच्या दगडी पट्ट्यांनी झाकलेल्या काही थडग्यांचा गट सापडला. बाकीची माणसे साध्या मातीत पुरली जात असताना कोरीव दगडाचे आच्छादन मिळालेली ही मंडळी चर्चच्या आश्रयदात्या घराण्यातलीच असणार, असे संशोधक मानतात.

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर जमिनीचे मालक बदलले. बाराव्या शतकात पर्सी आणि चेंबरलेन या दोन घराण्यांचे हक्क या गावात होते. गावाच्या नावातले पर्सी तिथूनच आले. पठारावर एका जमीनदाराच्या दगडी वाड्याचे तळघर उत्खननात सापडले. एका शेतकऱ्याच्या घराखाली ते गाडले गेलेले होते. तेराव्या शतकाच्या मध्यानंतर सगळे गाव पर्सींच्या हाती एकवटले.

याच काळात चर्चचा खरा विस्तार झाला. लहान सॅक्सन इमारतीच्या जागी बाराव्या शतकात बरेच मोठे चर्च आले. त्याच्या चॅन्सेलचे पूर्वेचे टोक अर्धवर्तुळाकार होते. नॉर्मन काळात ही पद्धत बरीच प्रचलित होती. पुढे इंग्लंडने ती सोडून सरळ भिंतीचे चौकोनी टोक पसंत केले, आणि युरोपच्या मुख्य भूमीवरच्या चर्चांपासून इंग्रजी ग्रामीण चर्च वेगळे दिसू लागले ते त्यामुळेच. बाराव्या शतकाच्या अखेरीस नेव्हच्या दक्षिणेला एक ओवरी जोडली गेली आणि तेराव्या शतकात उत्तरेला दुसरी. चौदाव्या शतकात ईशान्य कोपऱ्यात एका लहान प्रार्थनागृहाची भर पडली.

ओवरी जोडण्याचे काम त्या काळच्या गवंड्यांच्या कसबाची साक्ष देते. चर्च चालू असतानाच ते करायचे असे. आधी जुन्या भिंतीच्या बाहेर काही अंतरावर नवी भिंत उभी करायची, दोहोंवर उतरते छप्पर घालायचे, आणि मग आतली जुनी भिंत जागोजाग फोडून तिच्यात खांब आणि कमानी बसवायच्या. वरच्या भिंतीचा आणि छपराचा भार उतरू न देता खालची भिंत काढून घ्यायची म्हणजे एकेका कमानीला लाकडी आधार देत, सावकाश पुढे सरकावे लागे. काम संपले की नेव्हची जाड भिंत कमानींची रांग झालेली असे आणि चर्चची रुंदी वाढलेली असे. वॅरम पर्सी येथे दोन्ही बाजूंना हे झाले. तेराव्या शतकातले सेंट मार्टिन हे त्याच्या इतिहासातले सर्वांत रुंद चर्च होते.

एवढी जागा कशासाठी लागे? लोकसंख्या वाढत होती हे एक कारण. १२०० ते १३०० हा इंग्लंडच्या ग्रामीण वाढीचा शिखरकाळ; वोल्ड्सच्या पातळ मातीवरसुद्धा नांगर फिरत होता. पण लोक मावावेत एवढाच हेतू नसे. ओवऱ्यांत दुय्यम वेद्या मांडता येत, सणांच्या मिरवणुका चर्चच्या आतून फिरवता येत, आणि श्रीमंत घराण्याला आपल्या मृतांच्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणवून घ्यायला स्वतंत्र कोपरा मिळे. ईशान्येच्या प्रार्थनागृहासारख्या खोल्यांचा उगम बहुधा अशाच गरजेतून होत असे. चर्च किती मोठे यावरून गाव किती मोठे हे ठरवताना हे विसरता येत नाही.

त्या काळच्या चर्चमध्ये आज दिसणारी बाके नसत. लोक उभे राहत किंवा जमिनीवर गुडघे टेकत; म्हाताऱ्यांना कधी भिंतीलगतच्या दगडी कट्ट्याचा आधार मिळे. बैठकांची रीत मध्ययुगाच्या अखेरीस पसरली. मिस्सा लॅटिनमध्ये चाले. नेव्ह आणि चॅन्सेल यांच्यामध्ये कोरीव लाकडी पडदा असे आणि त्यावर क्रूसावरचा येशू, शेजारी मरिया आणि योहान. भिंती रंगवलेल्या असत. शेवटच्या न्यायाचे दृश्य, पाठीवर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणारा सेंट ख्रिस्तोफर अशी चित्रे बहुतेक चर्चांत असत. अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्याला धर्मकथा त्यांतूनच समजे. दाराजवळ बाप्तिस्म्याचे दगडी कुंड असे. लग्नाच्या आणाभाका आत नव्हे, तर चर्चच्या दारात घेतल्या जात, आणि मग वधूवर मिस्सासाठी आत जात. करारमदार, पंचायती, सणाच्या दिवशीचे खाणेपिणे यांनाही चर्चचे आवार आणि कधीकधी नेव्हसुद्धा उपयोगी पडे. गावात पक्के छप्पर असलेली मोठी सार्वजनिक जागा तेवढी एकच होती.

या भरभराटीला उतार लागला तो चौदाव्या शतकात. १३१५ ते १३१७ या काळात सततच्या पावसाने पिके कुजली आणि उत्तर युरोपभर दुष्काळ पडला. पाठोपाठ स्कॉटिश फौजांच्या स्वाऱ्यांनी यॉर्कशर उद्ध्वस्त केले. १३२२ मध्ये बायलंड येथे इंग्लंडच्या राजाचे सैन्यच हरले. पुढच्याच वर्षी जमीनदाराच्या मालमत्तेची जी चौकशी झाली तिच्यात वॅरम पर्सीची पडीक जमीन आणि मोडकळीला आलेल्या गिरण्या नोंदल्या गेल्या. १३४९ मध्ये प्लेग यॉर्कशरला पोचला. इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या त्या साथीत गेली असे मानले जाते.

तरीही गाव प्लेगने मेले नाही. बेचिराख खेड्यांची गोष्ट सांगताना सारा दोष साथीवर टाकण्याची सवय जुनी आहे आणि ती चूक आहे. १३६८ मध्ये वॅरम पर्सीतली सुमारे ३० घरे नांदती होती, म्हणजे साथीनंतर जवळजवळ वीस वर्षांनीही गाव गावासारखेच होते. १४५८ च्या नोंदीत हा आकडा १६ वर आला. गाव हळूहळू पातळ होत गेले. जमीन जास्त, माणसे कमी अशी स्थिती झाल्यावर शेतमजुराचा भाव वाढला, आणि ज्याला चांगल्या मातीवर, कमी खंडात जमीन मिळत होती तो खडूच्या टेकडीवर राहायला तयार होईना. दरम्यान १४०३ मध्ये पर्सींनी अदलाबदलीत हे गाव हिल्टन घराण्याला दिले होते.

शेवटचा घाव मेंढ्यांनी घातला, किंवा अधिक नेमके सांगायचे तर मेंढ्या पाळणाऱ्या मालकाने. लोकरीला चांगला भाव होता. नांगरटीच्या शेतीला डझनावारी माणसे लागत, कुरणाला एखाददुसरा धनगर पुरे. जमीनदार उरलीसुरली कुळे उठवून गावाचे कुरण करू लागले. ही तक्रार इतकी वाढली की १५१७ मध्ये सरकारने देशभर चौकशी नेमली. तिच्यापुढे वॅरम पर्सीबाबत नोंद आली ती अशी की बॅरन हिल्टनने चार नांगर बंद पाडले आणि चार घरे मोडू दिली. ही घटना १४८८ नंतरची. नांगर म्हणजे त्याच्यावर जगणारी कुटुंबे. सरकारी कागदावर चार हा आकडा लहान दिसतो, पण आधीच विरळ झालेल्या वस्तीला तेवढे पुरेसे होते.

त्याच लोकरीने इंग्लंडच्या दुसऱ्या भागात काय केले, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. सफोकमधील लॅव्हनम येथे कापडाच्या व्यापाऱ्यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून १५२५ च्या सुमारापर्यंत पैसा ओतून प्रचंड चर्च उभारले. त्याचा मनोरा सुमारे ४३ मीटर उंच आहे. कॉट्सवोल्ड्समधील नॉर्थलीच येथेही व्यापाऱ्यांच्या थडग्यांवरच्या पितळी पत्र्यांवर त्यांच्या पायांखाली मेंढ्या आणि लोकरीचे गठ्ठे कोरले आहेत. प्रवाशांना दाखवली जातात ती ही लोकरीवर उभी राहिलेली चर्चे. लोकरीखाली मोडलेल्या गावांची चर्चे कोणाला दाखवली जात नाहीत, कारण त्यांतली बहुतेक उरलीच नाहीत. इंग्लंडमध्ये मध्ययुगातली ३,००० हून अधिक गावे बेचिराख झाली. त्यांची चर्चे शेजारच्या शेतकऱ्यांनी दगडासाठी नेली किंवा ती गवतात गेली. वॅरम पर्सीचे चर्च टिकले ते त्याच्या धर्मग्रामातल्या बाकीच्या वस्त्यांमुळे, विशेषतः थिक्सनडेलमुळे. वॅरम पर्सीतली घरे गेली तरी या वस्त्यांतल्या माणसांचा दशमांश, बाप्तिस्मे आणि अंत्यविधी इथेच बांधलेले होते.

पण एवढ्या मोठ्या इमारतीचा खर्च उचलायला माणसे उरली नव्हती. नेव्हची डागडुजी गावकऱ्यांच्या माथी होती हे लक्षात घेतले म्हणजे पुढे जे झाले ते समजते. पंधराव्या-सोळाव्या शतकांत दक्षिणेची आणि मग उत्तरेची ओवरी पाडण्यात आली. तीनशे वर्षांपूर्वी फोडलेल्या कमानी दगडाने बुजवल्या आणि नेव्हच्या भिंती पुन्हा सलग केल्या. पाडलेल्या ओवऱ्यांच्या खिडक्या टाकून न देता बुजवलेल्या कमानींत बसवल्या गेल्या. दगडी जाळीची कोरीव खिडकी घडवायला कुशल कारागीर आणि बराच पैसा लागे. जे हाताशी होते ते वापरण्यात शहाणपण होते. आजही चर्चच्या लांब भिंतींत खांब आणि कमानींची वळणे भरावाच्या दगडांतून वेगळी ओळखू येतात, आणि एकेका कमानीच्या पोटात मागाहून आलेली खिडकी दिसते. पुढे चॅन्सेलही आखूड झाले. इमारत लोकांच्या ऐपतीएवढी करून घेतली गेली.

त्याच सोळाव्या शतकात धर्मसुधारणा आली. १५३६ मध्ये हॉल्टेमप्राइसचा मठ बंद झाला. इतर मठांप्रमाणे त्याची मालमत्ताही राजाकडे गेली. १५३८ मध्ये प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला. इंग्लंडमधल्या सामान्य माणसांची नावे सलग मिळू लागतात ती तिथपासून. १५४९ पासून उपासना इंग्रजीत सुरू झाली. देशभर वेद्या हलवल्या गेल्या, भिंतींवरची चित्रे चुन्याखाली गेली. दुय्यम वेद्या आणि मृतांसाठीच्या मिस्सा रद्द झाल्यावर बाजूच्या प्रार्थनागृहांना काम उरले नाही. त्यामुळे सेंट मार्टिनचे आकुंचन केवळ लोकसंख्येच्या घटीने झाले असे म्हणता येत नाही. उपासनेची पद्धतच कमी जागेत मावणारी झाली होती. चर्चशेजारचे व्हिकारचे घर १५५३ मध्ये आगीत जळाले. आपल्या धर्मग्रामाच्या मुख्य गावात शेजारी कोणीच न उरलेल्या व्हिकारची अडचण सहज कळते.

अठराव्या शतकात या जागी एक शेतघर आणि त्याची कोठारे उभी राहिली. लोक थिक्सनडेलहून पायवाटेने उपासनेला येत राहिले. १८५३ मध्ये माल्टन आणि ड्रिफील्ड यांना जोडणारा रेल्वेमार्ग याच खोऱ्यातून गेला. पण सेंट मार्टिनच्या नशिबाला वळण मिळाले ते १८७० मध्ये, जेव्हा थिक्सनडेलला स्वतःचे चर्च मिळाले. स्लेडमीरचे जमीनदार सर टॅटन साइक्स यांनी ते बांधवले आणि त्याचा आराखडा जॉर्ज एडमंड स्ट्रीट या त्या काळच्या नामांकित वास्तुरचनाकाराने केला. ज्या वस्तीच्या आधारावर जुने चर्च इतकी शतके तगले तीच दूर झाल्यावर सेंट मार्टिनचा वापर तुरळक झाला. १९४९ मध्ये तिथली उपासना कायमची थांबली. नंतर छपरावरचे शिसे चोरीला गेले, पाणी आत शिरले, आणि डिसेंबर १९५९ मध्ये वादळात मनोऱ्याचा पश्चिमेकडचा भाग कोसळला.

चर्च सोडले गेले त्याच सुमारास अभ्यासक तिथे पोचले होते. लीड्स विद्यापीठातले आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड १९४८ मध्ये प्रथम वॅरम पर्सीला आले. बेचिराख खेडी इंग्लंडमध्ये फार थोडी, असे तेव्हाचे प्रतिष्ठित इतिहासकार मानत होते. बेरेसफर्ड यांनी कागदपत्रे आणि जमिनीवरच्या खुणा जुळवून हे मत खोडून काढायचे ठरवले आणि १९५० मध्ये स्वतः खोदायला सुरुवात केली. १९५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले. डेन्मार्कमध्ये अॅक्सेल स्टीन्सबर्ग यांनी वापरलेली, अरुंद चरांऐवजी मोठा सलग भाग उघडा करण्याची पद्धत त्यांनी इंग्लंडच्या ग्रामीण उत्खननात आणली. दर उन्हाळ्यात काही आठवडे, १९९० पर्यंत, विद्यार्थी आणि हौशी स्वयंसेवक यांच्या श्रमांवर हे काम चालले. राजेमहाराजांचे महाल सोडून शेतकऱ्याच्या चुलीचा आणि कुंपणाचा असा चाळीस वर्षे पाठपुरावा करणे ही त्या पिढीतली खरोखर मोठी गोष्ट होती. बेरेसफर्ड यांचे ‘द लॉस्ट व्हिलेजेस ऑफ इंग्लंड’ हे पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले.

चर्च आणि त्याच्या आवाराचे उत्खनन १९६२ ते १९७४ या काळात झाले. इमारतीचे वर सांगितलेले टप्पे त्यातून उलगडले, आणि त्याबरोबर ६८७ सांगाडे अभ्यासासाठी मिळाले. एका सामान्य खेड्याच्या धर्मग्रामातल्या माणसांचा इतका मोठा नमुना क्वचितच हाती येतो. सायमन मेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हाडांवर अनेक वर्षे काम केले. दहा वर्षांचे मध्ययुगीन मूल आजच्या त्याच वयाच्या मुलापेक्षा सुमारे २० सेंटिमीटर बुटके होते. अर्धपोटी बालपण आणि आजारपणे यांची ही मोजता येणारी किंमत. हाडांतील नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून कळते की आया मुलांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत. क्षयाच्या खुणा असलेल्या सांगाड्यांत गुरांच्या नव्हे, तर माणसांच्या क्षयाच्या जंतूंचा अंश सापडला. गोठा आणि घर एकाच छपराखाली असलेल्या समाजात आजार गुरांकडून आला असेल, ही अपेक्षा त्यामुळे मागे पडली. एका माणसाच्या कवटीवर शस्त्रक्रिया करून हाडाचा तुकडा काढलेला आहे, आणि ती जखम भरून आल्याचे स्पष्ट दिसते. नॉर्मन विजयाच्या आगेमागे, एका खेड्यात, कोणी तरी हे काम जाणत होते.

चर्चच्या दफनभूमीत जागा न मिळालेली माणसेही होती. वस्तीतल्या खड्ड्यांत सापडलेल्या १३७ हाडांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. किमान १० माणसांची, अकराव्या ते चौदाव्या शतकांतली ही हाडे मृत्यूनंतर सुऱ्यांनी कापलेली, मोडलेली आणि जाळलेली आहेत. दातांच्या रासायनिक तपासणीवरून ती माणसे परकी नव्हती, याच भागात वाढलेली होती. दुष्काळात नरमांस खाल्ले गेले असेल का, याचाही विचार संशोधकांनी केला. पण कापल्याच्या खुणा मुख्यतः डोक्याच्या आणि मानेच्या भागात आहेत, आणि मांस काढण्यासाठी त्या तिथे नसत्या. मेलेली काही माणसे उठून जिवंतांना त्रास देतात अशी समजूत मध्ययुगीन इंग्लंडमध्ये होती आणि त्यावर प्रेताचे तुकडे करून जाळणे हा उपाय मानला जाई. त्या भीतीपोटी हे केले गेले असावे, हे स्पष्टीकरण त्यांना सर्वांत संभाव्य वाटते. रोज चर्चची घंटा ऐकणाऱ्या गावाच्या मनातला हा दुसरा थर आहे, आणि धर्मग्रामाचा इतिहास लिहिताना तो गाळता येत नाही.

उत्खननाचे अहवाल तेरा खंडांत प्रसिद्ध झाले. शेवटचा २०१२ मध्ये निघाला. इतक्या वर्षांत पहिली मते बरीच बदलली. शेतकऱ्यांची घरे तकलादू होती आणि प्रत्येक पिढीला नवी बांधावी लागत, असे सुरुवातीला मानले गेले होते. स्टुअर्ट रॅथमेल यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की वाकड्या लाकडांच्या जोड्यांवर तोललेली ती घरे बरीच टिकाऊ होती आणि भिंती तेवढ्या पुन्हा पुन्हा दुरुस्त होत. चर्चबाबतही तसेच झाले. ओवऱ्या आल्या तेव्हा गाव फुगले आणि गेल्या तेव्हा गाव आटले, हे सरळ गणित हर्स्ट आणि बेरेसफर्ड यांच्या काळात मांडले गेले आणि पाठ्यपुस्तकांतून पसरले. आज त्यात पाच वस्त्यांचा धर्मग्राम, जमीनदार घराण्यांची चढाओढ, मठाचा दशमांशावरचा हक्क आणि सोळाव्या शतकातली बदललेली उपासना यांचाही हिशेब धरावा लागतो. चर्च आणि गावाची जागा आता इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या देखभालीखाली आहे. उरलेला मनोरा आणि भिंती पडू नयेत एवढ्या मजबूत केल्या आहेत, आणि त्या पाहायला वर्षभर जाता येते.